टाकीवरची फळी

आमच्या बोरी बुद्रुकमधून नारायणगावच्या इंग्लिश शाळेत पोरं नेणारी व्हॅन एकच. मागच्या सीटच्या पाठीमागे गॅसची टाकी, टाकीवर आडवी फळी, फळीवर गोधडीची घडी. तिथे पाच लहान पोरं बसायची. "जागा न्हाई," असं व्हॅनवाला सांगत असताना मीच भांडून माझ्या मुलीला त्या फळीवर पाचवी बसवली होती, आणि गड जिंकल्यासारखी घरी आले होते.

एक दिवस तोच माणूस मोबाइल घेऊन दारात आला. कंपनीचा मेसेज इंग्रजीत होता आणि वाडीत इंग्रजी वाचणारी मी. मी वाचला. टाकी जागच्या जागी धरून ठेवणारे पट्टे सदोष आहेत, ते निसटू शकतात, गाडी ताबडतोब आणा, काम फुकट.

"सुट्टीत बघू," तो म्हणाला. "एवढ्या वर्सांत काय झालं का?"

"माझी पोरगी बसते त्यावर!"

"समद्यांचीच बसत्यात, ताई."

माझं डोकंच फिरलं. मेसेज मराठीत लिहून पालकांच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल दोघींनी हात जोडले, एकीने लिहिलं, "उगा घाबरवू नका." मग मी आरटीओत तक्रार करीन म्हणून धमकी दिली, तेव्हा कुठे स्वारी मंचरला निघाली. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून मीही शेजारी बसले.

सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने मागचं दार उघडलं आणि फळीकडे बघतच राहिला. "हे कुणाचं डोकं?" व्हॅनवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू फळी मीच रंधा मारून दिली होती. दुपारपर्यंत नवे पट्टे बसले. मेकॅनिकने बजावलं, "आता टाकी हलायची न्हाई. पन वर पोरं बसवली तर समदा भार पट्ट्यांवर येनार. मग आमाला बोलायचं न्हाई." फळी टपावर बांधून आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून फळीवरची पाचही पोरं घरी. बाकीच्या चार आया माझ्या अंगणात आल्या.

"तुमाला वाचता येतं म्हनून आमच्या पोरांनी घरी बसायचं का?"

मला सगळ्यांचाच संताप आला. सदोष गाडी विकून वर न कळणाऱ्या भाषेत कळवणाऱ्या कंपनीचा, त्या चौघींचा, आणि जास्त माझा. जिल्हा परिषदेची शाळा घरापासून चार पावलांवर होती. तिथे मुलीला घालायचं सोडून मीच नाकाने कांदे सोलले होते. नवरा पहाटेच टोमॅटो घेऊन मार्केटला जायचा, एसटी शाळा भरल्यावर यायची, आणि उसातल्या बिबट्यामुळे फाट्यापर्यंत पोरांना चालत कोण पाठवणार?

चार दिवस मुलगी घरी होती. पाचव्या दिवशी ती दप्तर पाठीला लावून पायरीवर बसली आणि उठायलाच तयार होईना. तिचा पेपर होता. मी व्हॅनवाल्याकडे गेले. तो गाडी पुसत होता. त्या चौघीही तिथेच उभ्या होत्या.

"फळी ठेवा," मी म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोला की, ताई. ह्यांनाबी ऐकू द्या."

मी मोठ्याने बोलले. चौघींपैकी एक हसली. तिच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने?

त्याने टपावरची फळी काढून टाकीवर टाकली. मुलीला उचलून मीच त्यावर बसवलं.

"घट्ट धरून बस."

"कशाला धरू, आई?"

मी आत डोकावून पाहिलं. धरायला तिथे टाकीच होती.