आतेभाऊ सॉलिसिटर व्हायला निघाला तेव्हा

माझ्या आतेभावाइतका सभ्य माणूस इंदुरात दुसरा झाला नाही. हे मी कौतुकाने सांगतोय की तक्रारीने, ते इतक्या वर्षांत माझं मलाच ठरवता आलेलं नाही. रस्त्यात कुणाची सायकल अंगावर आली तर सायकलवाल्याच्या आधी हाच माफी मागायचा. सराफ्यात कचोरी घ्यायला उभा राहिला की मागून येणाऱ्या प्रत्येकाला "आप लीजिए" म्हणत पुढे करायचा आणि कढई रिकामी झाली की हलवायाला "कोई बात नहीं" म्हणून, त्याचीच समजूत घालून घरी यायचा. एकदा न्हाव्याने त्याच्या डाव्या बाजूचे केस जरा जास्त कापले. याने उजवीकडचेही तेवढेच कापायला सांगितले, न्हाव्याला आपलं काही चुकलं असं वाटू नये म्हणून. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की याला उत्तर ठाऊक असायचं, पण शेजारच्याची संधी जाऊ नये म्हणून हा गप्प बसायचा. तो शेजारी मी. मला उत्तर कधीच येत नसे, त्यामुळे आम्ही दोघेही बाकावर उभे.

यात दोष त्याचा नव्हता, घराचा होता. आतोबांचे वडील संस्थानच्या दरबारात होते, आतोबा स्वतः महसूल खात्यात. त्या घराचा एक नियम होता. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, आपण एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून थोडं घ्यायचं. मी महूहून त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिलो, तेव्हा पहिल्याच दिवशी श्रीखंड हवं का म्हटल्यावर मी ताबडतोब हो म्हणालो. आत्याने वाढलं, पण आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पाटावरून उठून थेट खजिन्याला हात घातला. आत्याने मला नंतर बाजूला घेऊन समजावलं, "अरे, पहिल्याच खेपेला हो म्हणायला आपण काय दुष्काळातून आलोय?" मी मान डोलावली. पण माझ्या पोटाला ते वळण कधी लागलं नाही आणि आजही माझ्याकडे पाहून ते कुणालाही ओळखता येईल.

एवढ्या सभ्य माणसाने एल्एल. बी. केलं. चांगल्या मार्कांनी केलं. पण कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा अडचण ध्यानात आली. "समोरच्याला खोटं म्हणावं लागतं रे," तो मला म्हणाला, "आणि तेही चार लोकांसमोर." त्याच सुमारास परदेशीपुऱ्याकडच्या एका गिरणीचा व्यवहार व्हायचा होता आणि त्यासाठी मुंबईहून एक सॉलिसिटर आले होते. आतेभाऊ कुणाच्या तरी बरोबर तिथे कागद पोचवायला गेला आणि दिवसभर भिंतीशी उभा राहून आला. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा होता. "आवाज चढवत नाहीत," तो सांगत होता. "कोर्टात जातच नाहीत. एका कागदावर दोन ओळी बदलल्या आणि दोन्ही पार्ट्या खुश. जाताना दरवानाला पण थँक यू म्हणाले." त्या दिवसापासून त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी झाली. मुंबईच्या एखाद्या मोठ्या पेढीत आर्टिकल्ड क्लार्क म्हणून लागायचं, तिथे काम शिकायचं, परीक्षा द्यायची आणि सॉलिसिटर व्हायचं.

घरात हे समजावणं अवघड गेलं. आतोबांनी विचारलं, "सॉलिसिटर मतलब वकीलच ना?"

"वकील नाही, दादा," आतेभाऊ वडिलांना म्हणाला, "वकिलाला काम देणारा."

"मग पक्षकार झाला तो."

"पक्षकार नाही. पक्षकार सॉलिसिटरकडे येतो, सॉलिसिटर वकिलाकडे जातो."

"म्हणजे दलाल," आतोबा म्हणाले आणि पेपर उघडला.

आत्याला दुसरंच लागलं होतं. "कायदा शिकून क्लार्क? आपल्या घरात आजवर क्लार्क झालेला नाही." सॉलिसिटर होण्यासाठी आधी क्लार्क व्हावं लागतं, हे तिला पटायला पंधरवडा लागला. पटल्यावर तिने शेजारी सांगितलं की मुलगा मुंबईला "बडा साहब" होण्याच्या शिक्षणाला जातोय.

अर्ज मी टाइप करायचो. राजवाड्यामागच्या टायपिंग क्लासात मी नुकता पास झालो होतो, म्हणजे बोटं योग्य त्या जागी ठेवून चुकायला शिकलो होतो. मजकूर अर्थात त्याचा. तो सुरुवातीला त्या पेढीच्या कीर्तीचं वर्णन करी. मग भागीदारांच्या प्रकृतीबद्दल सदिच्छा व्यक्त करी. त्यानंतर एक परिच्छेद मुंबई हायकोर्टाच्या थोरवीवर असे आणि अगदी तळाशी, सहीला चिकटून एक वाक्य, की अधिक लायक उमेदवार न मिळाल्यास खालील इसमाचा विचार व्हावा, अशी नम्र आशा.

"अरे भिया," मी म्हणालो, "तू विद्यापीठात वरच्या नंबरात आलास ते कुठे आहे यात?"

"त्यांनी विचारलं तर सांगू ना."

"विचारणार कसं? अर्ज वाचून त्यांना वाटेल हा माणूस दुसऱ्याच कुणासाठी जागा मागतोय."

"आपल्या तोंडाने कसं सांगायचं?" त्याने इतक्या खऱ्या अडचणीने विचारलं की मी रिबन बदलायला घेतली. एकदा मी त्याला न सांगता त्याचे मार्क घातले. त्याने ते पाहिले, त्यावर अलगद रेघ मारली आणि मला चहा पाजला, मला वाईट वाटू नये म्हणून.

मुंबईतल्या बहुतेक मोठ्या पेढ्यांना ते अर्ज गेले. काहींनी उत्तर दिलं नाही. काहींकडून छापील दिलगिरी आली. कुणीही शहाणा माणूस ती दिलगिरी फाडून टाकील. आमच्या सभ्य माणसाने प्रत्येक दिलगिरीला आभाराचं पत्र पाठवलं, आपला मोलाचा वेळ खर्चून आपण नकार कळवलात, याबद्दल ऋणी आहे वगैरे. तीही पत्रं मीच टाइप केली. ज्या दिवशी फोर्टातल्या एका जुन्या पेढीचं उत्तर आलं, त्या दिवशी मला वाटलं की आता आभाराबद्दल आभार आले, हा झमेला आता जन्मभर चालणार. पण पेढीच्या थोरल्या भागीदाराने, एका पारशी गृहस्थाने लिहिलं होतं की, नकाराबद्दल आभार मानणारा इसम आपल्या साऱ्या व्यवसायात आपण पाहिलेला नाही, त्याने एकदा येऊन भेटावं.

आत्याने शेव आणि गुळपापडीचे डबे भरले. आतोबांनी आपला बंद गळ्याचा कोट दिला. खंडव्याला गाडी बदलून तो मुंबईला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. मी स्टेशनावर घ्यायला गेलो होतो. तो प्रसन्न दिसत होता.

"काय झालं?"

"फार चांगला माणूस आहे रे. एक करारनामा वाचायला दिला, चुका काढायला लावल्या. मी काढल्या. खूश झाले. मग म्हणाले, पहिल्या तारखेपासून येणार का आमच्याकडे?"

"मग?"

"मी म्हणालो, नाही नाही, आपल्याला कशाला तसदी. माझ्याहून योग्य मुलं असतील."

मी ट्रंक खाली ठेवली. "मग?"

"मग ते म्हणाले, ॲज यू विश. उठून हात मिळवला. दारापर्यंत आले सोडायला." तो ट्रंक उचलायला वाकला. "आता दुसऱ्यांदा विचारतील."

घरी सगळी हकीकत सांगून झाल्यावर मी आत्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही कपाळाला हात लावील. पण आत्या म्हणाली, "बरोबर केलंस. एकदम हो म्हटलं असतं तर काय समजले असते ते? म्हातारा माणूस आहे, चांगल्या घरचा दिसतो. विचारेल." आतोबांनी पेपर वर धरला. मी थोडं बोलून पाहिलं, की मुंबईत अशी पद्धत नसावी. त्यावर आत्याने मला श्रीखंडाची आठवण करून दिली.

मग ते घर वाट पाहू लागलं. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की आतेभाऊ आत जाऊन बसायचा. उत्सुक आहोत असं पोस्टमनला तरी का दिसावं? या काळात त्याला इथल्या एका ज्येष्ठ वकिलांनी हाताखाली बोलावलं. त्यांनाही तो नको म्हणाला. ते इंदूरचे असल्यामुळे त्यांनी रीतसर पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. पण या वेळी त्याचा तिसरा नकारही खराच होता. मुंबईहून बोलावणं आलं आणि आपण दुसरीकडे शब्द देऊन बसलो तर त्या पारशी गृहस्थांचा अपमान होईल, असं त्याचं म्हणणं. उन्हाळा गेला. कोटाला आत्याने डांबराच्या गोळ्या घातल्या. आतेभाऊ दिवसेंदिवस कमी बोलू लागला, आणि त्याची सभ्यता तर इतकी वाढली की खोलीतून बाहेर जाताना तो माझीही परवानगी मागायचा.

एकदा दुपारी जेवायला बसलो होतो. आत्याने तव्यावरची गरम पोळी आणली. "घेतोस?"

"नको," आतेभाऊ म्हणाला.

आत्या पुढे वाकली. "अर्धी घे."

"ठहरो," आतोबा म्हणाले. ते जेवताना कधी बोलत नसत. "तो नको म्हणाला ना? मग नको."

"अहो, त्याला हवी आहे."

"हवी असेल तर तो म्हणेल हवी आहे." आतोबा आपल्या ताटाकडे पाहत बोलत होते. "आपल्याकडे दरबार होता तेव्हा पुन्हा पुन्हा विचारणारे होते. त्यांच्याकडे वेळ होता आणि तेच त्यांचं काम होतं. आता राजधानीसुद्धा भोपाळला गेली. कोण बसलंय दुसऱ्यांदा विचारायला?"

आत्याचा हात पोळीसकट तसाच राहिला. आतेभाऊ खाली मान घालून बसला होता. मला वाटलं की तो आता उठून जाईल. पोळीची वाफ गेली. मग तो म्हणाला, "वाढ." आवाज इतका बारीक होता की आत्याने माझ्याकडे पाहिलं. तो पुन्हा म्हणाला, "आई, मला पोळी हवी आहे." आत्याने ती वाढली आणि दुसरी भाजायला चुलीकडे वळली, ती लवकर परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला निघाला. या वेळी डबे नव्हते, पत्र पाठवून वेळ घेतलेली नव्हती. खिडकीत बसून तो ओठांतल्या ओठांत इंग्रजीत काहीतरी घोकत होता. मी फलाटावर खिडकीला धरून उभा होतो, गाडी हलता हलता मला ऐकू आलं. यस, सर. आय वुड लाइक टु कम.

परत आला तेव्हाही मीच स्टेशनावर होतो. काय झालं ते त्याच्या चालीवरून कळत होतं, म्हणून मी विचारलं नाही. ट्रंक माझ्या हातात देऊन तोच म्हणाला, "जागा भरली. त्याच आठवड्यात भरली होती."

"भेटले का?"

"लगेच भेटले. चिठ्ठी पाठवली तर स्वतः बाहेर आले. मी सरळ सांगितलं, मला यायचंय. मोठ्याने सांगितलं, टायपिस्टबाईंनी वळून पाहिलं." तो थोडा हसला. "ते म्हणाले, माय बॉय, मग तेव्हा नको का म्हणालास?"

"तू सांगितलंस, आपल्याकडची पद्धत?"

"सांगायला लागलो होतो. पण त्यांच्या त्या टेबलासमोर बसून ते काही खरं वाटेना. म्हणून म्हणालो, त्या दिवशी तब्येत बरी नव्हती."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, आता बरी आहे का? चहा घेणार का? मी हो म्हणालो. आणखी घेणार का विचारलं, तेव्हाही हो म्हणालो. पारशी लोक चहात पुदिना घालतात रे. हिरवा चहा की काय म्हणतात, ती आपली गवती चहाची पातीपण असते. फार चांगला होता."

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं ते त्याला म्हणाले होते. पण पुढच्या वर्षी आतोबा अंथरुणाला खिळले आणि त्यांना सोडून मुंबईला जाणं होणार नव्हतं. त्याने इथल्याच त्या वकिलांकडे काम धरलं. आज त्याच्याकडे जवळच्या हातोदचे पटेल शेत वाट्याने द्यायचा बटाईचा साधा कागद करायला येतात आणि चांगल्या जाड कागदावरचा, फितीने बांधलेला, सगळ्या कलमांचा करारनामा घेऊन जातात. तो प्रत्येक कलम त्यांना माळवीत समजावून सांगतो. कोर्टात अजून आवाज चढवत नाही. न्यायाधीश सांगतात म्हणे, वकीलसाहब, जरा जोर से.

मुंबईहून दुसऱ्यांदा परत आला त्या संध्याकाळी त्याने आत्याला पुदिन्याचा चहा करायला सांगितला. तिने अंगणातला पुदिना खुडून केला. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटून थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "चांगला झालाय. पण असा नव्हता." आत्या गेली, आता वहिनी करते. कधी पुदिना कमी घालते, कधी पाती आणते, एकदा तर तिने ओळखीच्या पारशी बाईला विचारून केला. मी गेलो की मलाही मिळतो. तो घोट घेतो, आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहतो. मागच्या खेपेला तो म्हणाला, "जवळपास आलाय."