बांगडा दाबून बघणारी

मालवणच्या मासळी बाजारात ती दाराजवळ बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणायची, ती मला ‘बाये’. तिच्याकडचा बांगडा गिऱ्हाइकाने निवडायचा नाही, असा दंडकच होता. ती स्वतः एकेकाच्या पोटावर अंगठा दाबायची आणि मऊ लागला की मांजराला टाकायची.

मध्ये बरेच महिने ती दिसली नाही. छातीत गाठ निघाली, गोव्याला उपचार चाललेत, असं शेजारणीने सांगितलं. परतली तेव्हा डोक्याला रुमाल होता, आवाज मात्र तोच खणखणीत.

मे महिन्यात मुंबईची एक नवखी बाई तिचे बांगडे दाबत होती. रुमालाचं कारण कळल्यावर म्हणाली, “हा आजार आमच्या शहरात जास्त. गावाकडून आलेल्या बायकांनाही तिकडे राहून राहून आमच्याइतकाच होऊ लागतो म्हणे. तुम्हाला इथे कसा झाला?”

“मिया कधी मुंबयक गेलंय नाय गो,” मावशी म्हणाली. “मगे मुंबयच माका बघूक इली.”

ती बाई आणि मी, दोघी हसलो. तिने त्या बाईच्या हातातला बांगडा काढून घेतला.

“बांगडो बरो दाबून बघतंस. स्वताक कधी बघलंस?” मग माझ्याकडे वळली. “आणि बाये, तू गो?”

घरी आल्यावर मासे तसेच ओट्यावर ठेवले आणि आधी न्हाणीघराचं दार लावून घेतलं.