ज्याच्या दारात ड्रायव्हर झोपतो

धम्मरत्नला झोप कुठेही लागते, हे त्याची आई धम्मशीला त्याच्या जन्मापासून पाहत आली होती. भीमजयंतीच्या मिरवणुकीत, साउंडच्या ज्या भिंतीसमोर म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडायचं, तिथे हा पोरगा काकाच्या खांद्यावर मान टाकून घोरायचा. बारावीच्या पेपरात झोपला, आणि सरांनी हलवून उठवलं तेव्हा त्यांनाच विचारता झाला, "मोताळा आलं का?" एसटीत तर वरच्या दांडीला धरून उभ्या उभ्या झोपायचा. आपल्याच गावाचा, रोहिणखेडचा स्टॉप मागे पडायचा, आणि मग पुढच्या गावाहून कोणाच्या तरी मोटारसायकलवर घरी यायचा. लहान होता तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "नशीबवान हायेस बाई, पोरगं रडत नाई." तेव्हा धम्मशीला हसायची. आता तिला हसू येत नव्हतं. कारण या पोराने ट्रक ड्रायव्हर व्हायचं ठरवलं होतं.

तसा तो वाईट चालवत नव्हता. गावातल्या एकाची पिकअप घेऊन त्याने बुलढाण्याच्या मार्केटला भाजी पोचवली होती, एकही वांगं न सांडता. त्यातूनच जड वाहनाचं लायसन काढलं आणि ते आईच्या हातात असं ठेवलं, जसं काही कलेक्टरचं पत्र आलं आहे.

"आई, स्टेरिंग हातात असलं की मले झोप नाई येत," तो म्हणाला.

"पेन हातात असला तवा तं आलती," आई म्हणाली.

धम्मशीला बी.ए. झालेली होती, समाजशास्त्र घेऊन. बचत गटाची सचिव होती, आणि गावात कोणतीही गोष्ट चौकशी केल्याशिवाय करायची नाही, ही तिची ख्याती होती. तिचं म्हणणं सरळ होतं. पोरगी द्यायची तर आपण स्थळ पाहतो. घर पाहतो, पाणी कुठून भरतात ते पाहतो, सासू सुनेला कशी हाक मारते ते कान देऊन ऐकतो. आणि पोराला मात्र कोण्याही शेठच्या गाडीवर बसवून देतो. का? पोरगा काय वाटेवर सापडला होता?

"मी मालक पाह्यल्याशिवाय पोरगं देणार नाई," तिने जाहीर केलं.

तिचा नवरा दयाराम शाळेत शिपाई होता. बायकोपुढे तो कमी बोलायचा, पण जे बोलायचा ते नेमकं चुकीच्या वेळी. "पाह्य ना," तो म्हणाला. "पन पोराले साडी नेसवतेस, का तसाच देतेस?"

पहिलं स्थळ मलकापूरचं. इंद्रभान शेठ. हायवेला लागून काचेचं ऑफिस, आत एसी, बाहेर गाड्यांची रांग. शेठने स्वतः उठून खुर्च्या दिल्या. धम्मशीलाने पदर सावरला आणि कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत वापरलेली भाषा बाहेर काढली.

"आपल्याकडे वाहनचालकांच्या विश्रांतीची व्यवस्था कशी आहे?"

इंद्रभानने दयारामकडे पाहिलं. "काय म्हनू राह्यल्या वहिनी?"

"ड्रायव्हर कवा झोपतात, असं इचारू राह्यली," दयारामने सांगितलं.

इंद्रभान पोट धरून हसला. "झोपतात? वहिनी, झोपनारा मानूस माह्याकडे टिकतच नाई! सुरतची खेप मारून आला, की चहा पेऊन नागपूर. हे पाहा!" आणि त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर एका तरुणाचा मोठा फोटो होता. गळ्यात झेंडूचा हार, डोळे अर्धे मिटलेले. धम्मशीला खुर्चीवरून उठली आणि फोटोसमोर हात जोडून उभी राहिली.

"अवो वहिनी, जित्ता हाय तो!" शेठ ओरडला. "सत्कार केला मी त्याचा. दम न खाता सर्वात जास्त खेपा मारल्या म्हनून!"

"जित्ता हाय," दयाराम बायकोच्या कानात म्हणाला, "पन आता कुठी असन ते कोनाले माहीत."

तेवढ्यात बाहेरून हॉर्न वाजला. लांबलचक, तीन सुरांचा. धम्मरत्न एका कोऱ्या बारा चाकी ट्रकमध्ये जाऊन बसला होता. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. लग्नात घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचा नसेल एवढा आनंद त्याच्या तोंडावर होता.

"आजच चावी घे म्हना," शेठ म्हणाला. "आपल्याले नवा-जुना ड्रायव्हर असा भेद नाई."

धम्मशीलाने चहा अर्धा ठेवला. "घरी इचार करून कळवतो," ती म्हणाली. नकाराला आपल्याकडे याहून गोड शब्द नाही. परतताना धम्मरत्न एसटीत झोपलासुद्धा नाही, इतका रुसला होता.

दुसरं स्थळ मोताळ्याचं. अर्जुनरावांच्या घरामागे मोकळी जागा, तिथे दोन जुन्या गाड्या. रंग उडालेला, पण टायर चांगले होते. टायर पाहायला ती वाकलेली असतानाच अर्जुनराव आले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. लिंबाखाली बाजेवर एक माणूस झोपला होता. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबकळत.

"गोविंदा हाय आमचा," अर्जुनराव कुजबुजले. "आत्ताच गाडी घेऊन आला. तो उठेस्तोवर इथं हॉर्न बी वाजत नाई."

सगळी बोलणी मग कुजबुजतच झाली. अर्जुनरावांच्या बायकोने चहा आणला तोही कपबशी न वाजवता. "मयताले आल्यासारखं वाटू राह्यलं," दयाराम पुटपुटला. पण धम्मशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्याच्या दारात ड्रायव्हर भर दुपारी झोपतो आणि मालक चवड्यावर चालतो, असं घर तिने दिवा लावून शोधलं असतं तरी मिळालं नसतं.

"रात्री अकराच्या पुढे माही गाडी चालत नाई," अर्जुनराव हळूच सांगत होते. "माल उशिरा पोचला तं शिव्या मी खाईन. पगार तुमी सांगितल्या त्या मलकापूरवाल्याइतका भेटनार नाई, आधीच सांगतो. आन नवा पोरगा काही महिने गोविंदाच्या बाजूले बसन. मोकळ्या रस्त्यावर गोविंदा देईन तवाच स्टेरिंग."

धम्मरत्नचं तोंड उतरलं. "काका, माह्याजवळ हेवी लायसन हाय."

"लायसन माह्या साल्याजवळ बी हाय. म्हनून मी त्याच्या गाडीत बसत नाई." मग ते धम्मशीलाकडे वळले. "ताई, आता माही एक अट. चाकं फिरू राह्यली, की घरून फोन नाई. गाडी उभी राह्यली की पोरगा स्वतः करन. फोन आला तं माहा ड्रायव्हर गाडी बाजूले घेऊनच उचलते."

"अगदी योग्य आहे," धम्मशीला म्हणाली. तिला सगळंच योग्य वाटत होतं.

पहिली खेप मक्याची होती, धुळ्याला. सकाळी गाडी निघाली आणि धम्मशीला चुलीपाशी बसली. भाकरी थापता थापता तिला दिसायला लागलं: गोविंदाने स्टेरिंग दिलं आहे, रस्ता सरळ आहे, ऊन आहे, आणि पोराची मान हळूहळू कलते आहे. तव्यावरची भाकरी करपली. तिने फोन लावला.

"आई, काय झालं?"

"काई नाई. जागा हायेस ना?"

त्यानंतर मुक्ताईनगर आलं असेल म्हणून एक फोन, भुसावळ आलं असेल म्हणून एक. दर वेळी स्टेरिंग पोराच्या हातात होतं, आणि दर फोनला गाडी बाजूला उभी राहत होती. जळगावच्या पुढे त्याने उचलला नाही, तेव्हा तिने गोविंदाचा नंबर लावला. गोविंदाने फार अदबीने सांगितलं की गाडी उभीच आहे, पोरगा खाली उतरून टायर पाहतो आहे. जेवणानंतर ढाब्यावर दोघं आडवे झाले. तेव्हाही फोन वाजला.

"आता काय आई?"

"झोपलास का, तेच इचारू राह्यली."

"झोपलो होतो!"

धुळ्याला पोचेपर्यंत गोदाम बंद झालं होतं. माल दुसऱ्या दिवशी उतरला, आणि परतीचा ठरलेला माल दुसरा कोणी भरून गेला. संध्याकाळी धम्मरत्न घरी आला तो पिशवी आपटतच.

"अर्जुनरावकाकानं घरी पाठवलं मले. म्हने, पोरगं पास, माय नापास. म्हने, एका गाडीले दोन ड्रायव्हर चालतात, तिसरा फोनवर नाई चालत."

दयाराम हसायला लागला आणि बायकोचा चेहरा पाहून खोकायला लागला.

"मी इंद्रभान शेठकडे जातो," धम्मरत्न कपडे पिशवीत कोंबत म्हणाला. "सकाळी सहाले बोलावलं त्यानं. नवी गाडी, एकटाच ड्रायव्हर. तिथं कोनी वापस पाठवत नाई."

"तिथं झोपू देत नाईत रे!"

"इथं तू देत नाईस."

एवढं बोलून तो बाजेवर आडवा झाला, पिशवी उशाला घेतली आणि भांडण अर्ध्यावर टाकून झोपला. धम्मशीला त्याच्याकडे पाहत राहिली. दोन दिवसांचा थकवा होता त्या घोरण्यात, आणि त्यातला बराचसा तिचाच होता. काल दिवसभर गाडीवर या पोराला मुळी झोप आलीच नव्हती. जी काही आली, ती ढाब्यावर, आणि तीही तिने मोडली.

"उद्या मलकापूरले जाऊ देनार का त्याले?" दयारामने विचारलं. आता तोही हसत नव्हता.

"तुमच्याजवळ अर्जुनरावांचा नंबर हाय ना?"

"हाय. पन काय सांगशीन?"

"सांगते, गाडी निघाली की माहा फोन तुमच्याजवळ राहीन, शाळेतल्या कपाटात, कुलपात. ते म्हनतीन तं चाबी त्यांच्याकडे पोचती करते." तिने पदराने कपाळ पुसलं. "आन धुळ्याची खेप माह्यामुळे वाया गेली, पोरामुळे नाई, हे बी सांगते. त्याले एक डाव पुन्हा घ्या म्हनते."

"नाई म्हनले तं?"

"तं उद्या दारात जाऊन बसते. हळूच बोलीन, गोविंदा झोपला असला तं."

दयारामने नंबर काढून दिला. अर्जुनराव आता जेवून ओट्यावर बसले असतील, असा तिने अंदाज केला, आणि पोराची झोप मोडू नये म्हणून फोन घेऊन ती अंगणाच्या पार टोकाला गेली.