भैरवीपूर्वी उठू नये

आमच्या मुर्री गावातल्या घरी हिवाळ्यात शास्त्रीय गायनाच्या बैठका होतात. धानाची मळणी आटोपली म्हणजे कार्तिकात पहिली बैठक बसते आणि फाल्गुनात शेवटची. गोंदिया शहर अगदी लागून असले तरी श्रोते बहुधा आसपासच्या गावांचे. परतीची वाट थंडीची, म्हणून दुपार कलताना सुरुवात करून दिवेलागणीला थांबण्याचा आमचा प्रघात आहे. दुसरा प्रघात अधिक कडक. भैरवीने बैठक संपते, आणि ती होईपर्यंत कोणीही जागचे उठत नाही. पूजा मांडल्यावर यजमान मध्येच आसन सोडीत नाही, तसेच हे. माझ्यासारख्या आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाच्या घरचा नियम म्हणून लोकांनी तो आदराने पाळला.

गेल्या हिवाळ्यातल्या सर्व बैठका एकाच गायिकेने गायच्या, असे माझ्या पत्नीने ठरवले होते. ही मुलगी लहानपणी तिच्याकडेच शिकली, मग लग्न होऊन तिरोड्याला गेली, तिथे शाळेत शिकवू लागली आणि तिचे गाणे बरीच वर्षे सुटले. ते पुन्हा उभे राहावे, ही पत्नीची फार जुनी इच्छा. मुलगी भीत भीत तयार झाली, पण एका अटीवर.

"काकू, मागे तंबोऱ्यावर तुम्हीच पाहिजे. तुम्ही उठल्या तर मीही उठेन. सांगून ठेवते."

"मी कशाला उठते?" पत्नी हसली. "भैरवीपर्यंत मला उठवणार कोण?"

हे वाक्य त्या वेळी घरातल्या इतर बोलण्यासारखेच वाटले होते.

कार्तिकातल्या बैठकीत भीमपलास चालू असताना मला पहिल्यांदा काहीतरी जाणवले. पत्नीचा तंबोरा मी तारुण्यापासून ऐकत आलो आहे. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने जोडीच्या दोन तारा, शेवटी खर्ज. या क्रमात कधी घाई नाही, कधी आळस नाही. माझ्या सायंसंध्येइतकाच तो मला नित्याचा. त्या दिवशी खर्जानंतर पंचम आलाच नाही. क्षणभर पोकळी राहिली, आणि पुढचे आवर्तन मुकाट्याने सुरू झाले. गायिकेने मान किंचित वळवली. पत्नीचे डोळे मिटलेले होते.

भैरवी झाल्यावर एका राइस मिलचे मालक हात जोडून पुढे आले. घरचे हिंदी बोलणारे, भाविक गृहस्थ.

"गुरुजी, माताजी तो समाधी में चली गईं! मी स्वतः पाहिलं. बोट हवेत थांबलं, चेहऱ्यावर काय शांती!"

आमचे तबलजी रेल्वेतून निवृत्त झालेले आणि तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, "शेठ, माझा हात थांबला असता तर तुम्ही झोप लागली म्हणून गावभर केलं असतं."

सगळे हसले. पत्नीही हसली, पण डाव्या हाताने उजवी बोटे चोळीत हसली.

मार्गशीर्षातल्या बैठकीला मिलमालक पत्नीसाठी हार घेऊन आले. मुलतानीच्या विलंबितात तंबोरा दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा सभेतून दबलेला उद्गार उमटला. जाताना बायका तिच्या पाया पडू लागल्या. नादात विरून जाणे म्हणजे काय, हे मीच कितीदा प्रवचनातून सांगितले होते. लोकांना ते आता डोळ्यांपुढे घडताना दिसत होते, आणि ज्याला त्यात दुसरेच काही दिसत होते, असा मी एकटा भिंतीला टेकून बसलो होतो. आणखी एकीच्या नजरेतून मात्र ते सुटले नव्हते. शेजारच्या शेतकरी घरातली बाई चहाचे कप गोळा करायला आली आणि मोठ्याने म्हणाली, "काऊन जी काकू, कप दोन्ही हातानं काऊन धरून राहिल्या? थंडी वाजते का?"

"हो गं, थंडीच," पत्नी म्हणाली.

पौषात एका सकाळी देवघरात तिच्या हातून अभिषेकाचे पात्र पडले. ते उचलायला ती वाकली, पण हात पात्रापर्यंत जाऊन तिथेच राहिला, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. थोड्या वेळाने आपोआप ठीक झाला. मी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांची तपासणी नागपूरला ताबडतोब करून घ्या, असे बजावले. पक्षाघाताचा संभव आहे, हेही आडपडदा न ठेवता सांगितले.

रिक्षातून परतताना ती म्हणाली, "फाल्गुन होऊ द्या."

"डॉक्टर ताबडतोब म्हणाले."

"नागपूरला मला ठेवून घेतलं तर माघातली बैठक बुडेल. ती पोर पुन्हा तोंड उघडणार नाही. आता कुठं तिचा षड्ज स्थिरावलाय."

"आणि तुझा हात?"

"माझा हात समाधीत जातो म्हणे," ती म्हणाली. "तुमच्याच श्रोत्यांनी सांगितलंय. आता कोणत्या तोंडाने सांगू, की बाबांनो, मला बोट हालवता येत नाही?"

तपासणी तिने पुढे ढकलली ती ढकललीच. मी विनवले, रागावलो, अबोला धरला. घरात तो तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा असे. देवघरात जाताना त्याच्यासमोरून जावे लागे, आणि जपाला बसल्यावरही माझे कान त्याच्याकडे लागलेले असत. माघातली बैठक निर्विघ्न पार पडली. एकही आवर्तन चुकले नाही. गायिका तिच्या गळ्यात पडून रडली. मला मात्र त्या निर्दोष दोन तासांनी अधिकच भिववले.

फाल्गुनात ऊन तापू लागले होते. बाहेरून मोहाचा गोड, जड वास खोलीत येत होता. शेवटची बैठक म्हणून दाराबाहेरपर्यंत माणसे बसली होती. गायिकेने पूरियाधनाश्री घेतला. इतका भरलेला आवाज तिचा मी आधी ऐकला नव्हता. दिवे लावायची वेळ झाली होती, पण लावायला उठणार कोण? खोलीत सावल्या वाढत होत्या, आणि त्या सावल्यांतून मी केवळ एका हाताकडे पाहत होतो.

पंचम गेला. मग जोडीच्या तारा गेल्या. खर्ज एकदा वाजला, त्याचा नाद हळूहळू मावळला आणि मागे काही आले नाही.

गायिका षड्जावर थांबली. तंबोरा परत येईल म्हणून तिने तो स्वर तसाच धरून ठेवला. तबलजींनी ठेका बारीक केला. समोर मिलमालकांनी हात जोडले होते आणि मागच्यांना ते कुजबुजत्या स्वरात सांगत होते, "कोई छेडो मत, कोई छेडो मत."

सभा भारावून गेली होती. पत्नीचे डोळे या वेळी उघडे होते. ते माझ्याकडे लागले होते. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळेची एक रेघ हनुवटीवर आली होती.

मी उठलो.

"गुरुजी," मिलमालक दचकून म्हणाले, "अजून भैरवी..."

मी माणसांच्या गुडघ्यांवरून तिच्यापर्यंत पोचलो, तोवर तंबोरा तिच्या खांद्यावरून कलला होता. मी तो हातात धरला, तेव्हा चारही तारा एकदम झणाणल्या. इतका भेसूर नाद त्या वाद्यातून मी कधी ऐकला नव्हता. गायिकेचा स्वर तुटला. तरीही कोणी हालेना. माझाच नियम त्या सर्वांच्या अंगात भिनला होता. शेवटी शेजारची बाई दारातून ओरडली, "काऊन पाहून राहिले जी असे! गाडी बोलवा ना! बाईचं तोंड वाकडं झालं, दिसत नाही का?"

मग सगळे एकदम उठले.

ईश्वरकृपेने ती वाचली. नागपूरहून परतली तेव्हा उजवा हात आणि अर्धी वाणी गेलेली होती. दुसरा झटका येऊ शकतो, असे तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. तिला ते न सांगताच कळले आहे.

पावसाच्या तोंडावर शेतांत रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकण्याचे दिवस आले, तेव्हा गायिका एका दुपारी भेटायला आली. पलंगाजवळ बसून म्हणाली, "काकू, माझी भैरवी राहिली आहे. आज गाऊ का?"

पत्नीने मान हालवली. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. भैरवी झाली की... सगळे उठतात."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी गवसणी काढून तंबोरा तिच्या हाती दिला. तिने तो जुळवला आणि भीमपलासचे स्वर हळूहळू लावू लागली. पत्नीचा डावा हात चादरीवर त्याच क्रमाने हालू लागला.

आता ती दर आठवड्याला येते. हवा तो राग गाते, भैरवी गात नाही. मी पायथ्याशी बसतो. खर्ज वाजून विरतो, आणि पुन्हा पंचम येईपर्यंत चादरीवरच्या त्या हाताकडे पाहत मी श्वास धरून असतो.