सहावं बोट

कुणी आमचा प्रोग्रॅम वापरू लागलं, की अक्का त्याच्या मागं उभ्या राहत आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवत. मधे बोलायला नको म्हणून. माणूस अडला की त्यांचा दुसरा हात माझ्या पाठीत बसे. "त्याचं तोंड काय बघतोस? तू प्रोग्रॅमात लिहिलेली आज्ञा बघ की."

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या सगळ्यांत ज्येष्ठ. माहेर कुरुंदवाडचं. रागावल्या की कानडीत शिरत, आणि आम्ही चहाला सटकत असू.

चंदगडच्या माती तपासणी केंद्रासाठी मी 'माती' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तिथं मातकट हातांत माऊस टिकत नसे, म्हणून सगळं काळ्या पडद्यावर टाइप करायचं: आधी 'माती', मग काय करायचं ती आज्ञा. अशा चोवीस आज्ञा मी केल्या, सगळ्या इंग्रजीत. काय ती माझी हुशारी! केंद्रावर नमुने तपासणाऱ्या सुतारमामांना त्यातली एक धड जमेना. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर दुसरा माणूस घेऊ, असं तिथल्या साहेबांनी बजावलं. मामांच्या डोक्यात शिरतच नाही, असं मीही बोलून गेलो. त्यावर अक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला एसटीत घालून त्या चंदगडला घेऊन गेल्या. दिवसभर स्टुलावर बसून मामांचे हात बघत राहिल्या. मामा नमुना घेत, वाळवत, चाळत, मोजत आणि शेवटी अहवाल देत. संध्याकाळी अक्कांनी माझ्या चोवीस आज्ञा काढायला लावल्या आणि त्यांच्या जागी मराठीत पाचच ठेवल्या: घे, वाळव, चाळ, मोज, दे. "हाताला बोटं पाच हायत. सहावी कुठं ठेवणार?" दुसऱ्या दिवशी मामांनी कुणाला न विचारता 'माती घे' टाइप केलं. त्यांची नोकरी राहिली.

मामांची एकच तक्रार होती. चहाला उठताना नोंद अर्धी राहते, म्हणून त्यांना 'थांब' हवं होतं. दर फोनला मागत. अक्का हसून म्हणत, "सहावं बोट दावा, लगेच देऊ."

गेल्या वर्षी अक्का गेल्या. त्यांची खुर्ची मला मिळाली, पण तिच्यावर बसवत नाही. त्यांच्या आठवणीसाठी काहीतरी करावं म्हणून मी मामांना फोन लावला. म्हटलं, तुमचं 'थांब' आजच करून देतो. पलीकडं चाळणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नगं," मामा म्हणाले. "अक्का न्हाय म्हणालत्या न्हवं? पाच पुरत्यात."