मोरीच्या जाळीतले एकशे सव्वीस

गेल्या दिवाळीनंतर मी आमच्या मोरीच्या जाळीतले केस मोजायला सुरुवात केली. यात हसण्यासारखं काही नाही. मला एकोणपन्नास पूर्ण झाली होती, आणि आमच्या बाबांचं डोकं बरोबर पन्नाशीत संपलं होतं. (त्यांच्या पन्नाशीच्या फोटोत ट्यूबलाइट दोन ठिकाणी दिसते. एक भिंतीवर.)

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी माल तपासतो. नमुना घ्यायचा, मोजायचा, वहीत लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही पंचवीस वर्षांची सवय. आगाशीच्या रस्त्याला आमचा फ्लॅट आहे. घरात मी, बायको मंगल आणि वीस वर्षांची मुलगी सई. माणसं तीन, मोरी एक. त्यामुळे वहीच्या पहिल्याच पानावर नियम लिहिला: चार बोटांपेक्षा आखूड केस माझे. लांब केस बायकामाणसांचे, ते मोजायचे नाहीत. तो लांब केसांचा गोळा दिवसेंदिवस मोठा होत होता, पण तो माझ्या विषयाबाहेरचा होता. चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकायचो.

पहिला आठवडा चौदा, अकरा, सोळा असा गेला. रोज शंभरेक केस गळले तरी चालतं, असं कुठेतरी वाचलं होतं. पण चौदा म्हटले तरी वर्षाला पाच हजार एकशे दहा होतात. हा हिशेब मी मंगलला चहाबरोबर ऐकवायचो.

"तुमच्या डोक्यात केसांपेक्षा आकडे जास्त आहेत," ती म्हणायची.

मग एका रविवारी सई बाहेरून आली ती बॉयकट करून. कमरेपर्यंतची वेणी गेली. मंगल पोळी लाटता लाटता थांबली.

"अगं, विचारायचं तरी."

"सगळ्या करतात आता," सई म्हणाली आणि आत गेली.

"देवाने दिलेत तर कापून टाकतेयस," मी मागून ओरडलो. "इथे माणूस एकेका केसासाठी झुरतोय."



सोमवारी सकाळी जाळीत आखूड केस निघाले एकशे सव्वीस. मी तीनदा मोजले. तिसऱ्यांदा एकशे सत्तावीस भरले, कारण एक माझ्या भुवईचा पडला असावा.  त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे माझे निम्मे केस पांढरे असूनही जाळीतले जवळजवळ सगळे काळेभोर होते. म्हणजे उमेदीचे तेवढे निघून चालले होते आणि म्हातारे जागा अडवून बसले होते.

"मंगल, मला काहीतरी मोठं झालंय."

"काय झालंय?"

"ते नाव डॉक्टर सांगतील. आधी कारण शोधतो."

पण डॉक्टरांकडे जायला धीर होईना. दाराशी भुईगावची रोझी मावशी केळी आणि वांगी घेऊन आली होती. तिला घरचं खोबरेल आहे का विचारलं.

"तेल हाय," ती म्हणाली. "पन दादा, तेलाने काय होनार? पानी बघा आधी. खारं पानी लागलं तर केळपन करपते."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या सोसायटीने टँकरवाला त्याच रविवारी बदलला होता. वहीत ती तारीख लाल शाईने ठळक केली. त्याच तारखेला सईने केस कापले होते, पण त्याची नोंद ठेवण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी विकतच्या पाण्याच्या जारने आंघोळ करू लागलो. एकशे एकतीस. एकशे अठ्ठावीस. एकशे पस्तीस. पाणी बदलूनही आकडा हलेना, याचा मी लावलेला अर्थ असा: विष मुळांपर्यंत पोचलंय. रात्रीचं जेवण जाईना. आरशासमोर उभा राहून पुढचे केस हळूच ओढून बघायचो, दाराच्या कडीसारखे.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आलेख काढून मी तो पार्किंगमधल्या खांबाला चिकटवला. रेघ रविवारपर्यंत आडवी आणि मग एकदम उभी. बघताच सगळ्या बायकांचे हात डोक्यावर गेले.

"माझेही गळतायत हो," तिसऱ्या मजल्यावरच्या सावेवहिनी म्हणाल्या. "मला वाटलं वयाने."

"वयाने एका दिवसात गळत नाहीत, वहिनी. आकडा बघा."

सेक्रेटरी चौधरींनी स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. "या विषयात मी तटस्थ आहे," ते म्हणाले. "पण पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत टँकर बंद ठेवू."

टँकर बंद झाला. दोन दिवस अख्ख्या बिल्डिंगमध्ये पिण्यापुरतं पाणी होतं. कोणी आंघोळ केली नाही. माझी जाळी कोरडी: शून्य, शून्य. माझा मुद्दा सिद्ध झाला होता. ते दोन्ही आकडे मी जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहिले. रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या सावेवहिनींनी ते वाचले आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर मी लिफ्टनेच जाऊ लागलो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पाणी जड होतं, पण आधीच्या टँकरचं होतं तेवढंच. टँकर चालू झाला. घरातले सगळे न्हाले, आणि जाळीत आखूड केस निघाले दोनशे त्र्याऐंशी.

या वेळी दुसऱ्यांदा मोजायचं धैर्य झालं नाही. सगळे केस पिशवीत भरले, वही काखेत मारली आणि माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. सोबत मंगल आली. आणि कधी कुठे बरोबर न येणारी सई डोक्याला स्कार्फ बांधून म्हणाली, "मीपण येते."

डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली, पिशवी पाहिली, मग पिशवीतला एक केस माझ्या कानावरच्या केसाशेजारी धरला.

"हे केस तुमचे नाहीत."

"असं कसं? चार बोटांपेक्षा आखूड आहेत."

"आखूड आहेत. पण तुमचे नाहीत. तुमचे बारीक आहेत आणि निम्मे पांढरे." त्यांची नजर माझ्यावरून मागे गेली. "हिला मध्ये ताप आला होता का?"

सईला ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता. मंगलने तसं सांगितलं. सईने स्कार्फ सोडला. भांगाशी दोन बोटं रुंद कातडी दिसत होती.  

"वेणीतून पुंजकेच्या पुंजके यायचे," ती म्हणाली. "म्हणून कापून टाकले. कोणाला कळू नये म्हणून."

"मला सांगायचं ना, बाळा."

"तुम्ही चौदा केसांना घाबरला होतात, बाबा. मी कसं सांगू?"

मी वही मिटून पिशवीखाली सरकवली. 

डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे एकदम गळतात, म्हणाल्या. मुळं शाबूत असतात, पुन्हा येतात, सहा-आठ महिने धीर धरायचा. रक्त तपासायचं, लोह कमी असलं तर गोळ्या. ताप गेल्यापासून ही चहा-बिस्किटावर राहत होती हेही तिथेच कळलं. अंडी, मोड आलेली कडधान्यं, वेळेवर झोप. ओल्या केसांतून कंगवा ओढायचा नाही. तेल लावायचं तर हलक्या हाताने, पण तेलाने नवे केस उगवतील ही आशा नको. आणि काळजी करायची नाही, कारण काळजीनेही गळतात.

"घरात कोणी सारखी काळजी करतं का?" त्यांनी विचारलं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. म्हणजे दोघींनी, आणि मी समोरच्या आरशात.

निघताना मी हळूच विचारलं, "म्हणजे मला काही नाही ना?"

त्यांनी माझा मोबाइल मागितला, मागे जाऊन एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. बशीएवढी चकचकीत जागा. मला वाटलं चुकून बाबांचा फोटो उघडला.

"हे कधीपासून?"

"चार वर्षं झाली," मंगल म्हणाली. "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

पंचवीस वर्षं मी माल सगळ्या बाजूंनी फिरवून तपासतोय.

सोसायटीची माफी मागितली. सावेवहिनींनी ती अजून स्वीकारलेली नाही. सईला अंडं मी रोज स्वतः उकडून देतो. वहीत आता दोन रकाने आहेत. सईचा आकडा नव्वदवरून चाळीसवर आलाय आणि भांगाशी बारीक, उभे, हट्टी केस दिसू लागलेत. माझा रकाना नऊ, सात, आठ असा चाललाय. काल मंगलला तो अभिमानाने दाखवला.

"गळलेले कशाला मोजता?" ती म्हणाली. "उरलेले मोजा. लवकर आटपेल."

आज सकाळी उरलेले मोजायला बसलो होतो. कारखान्यात वेळेवर पोचलो.