वाकडा गज आणि सात चष्मे

घाटकोपरला भाऊरावांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याचा नंबर ओळखणार, आणि संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या मजल्याला सांगणार. शेजारच्या जयंतीबाईंचा नंबर वाढल्याची बातमी त्यांच्या नवऱ्याला जिन्यात कळली, यावरून काय ते समजा.

अशा माणसाला मार्चात घरच्या खिडकीचा मधला गज वाकडा दिसू लागला. फक्त डाव्या डोळ्यानं. पण स्वतःची बातमी मात्र भाऊरावांनी दाबली. डॉक्टरकडे जायचं कशाला, आपणच तर नंबर काढतो. जूनपर्यंत स्वतःसाठी सात काचा घासल्या. कधी नंबर बदलून, कधी कोन फिरवून. गज काही सरळ होईना.

"सात चष्मे," पत्नी कमलताई म्हणाल्या. "लग्नाला तरी एवढं नटला होतात का?"

लेक संघमित्रा पार्ल्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती रविवारी आली तेव्हा भाऊरावांनी आडून विचारलं, "मित्रा, सूर्याजवळून ताऱ्याचा उजेड वाकतो म्हणतेस. तिथे काच कुठली गं?"

"काच नाहीच, बाबा. काचेत जांभळा जास्त वाकतो, लाल कमी. म्हणून तर जाड भिंगाच्या कडेला रंगीत झालर दिसते. सूर्याजवळ सगळे रंग सारखेच वळतात, झालर नाही. उजेड त्याच्या परीनं सरळच जातो, तिथली जागाच वाकलेली असते."

भाऊरावांनी चष्मा काढला, उजवा डोळा झाकला. गज वाकडाच. झालर नाही.

"मग ते सरळ करायला कुठली काच लागेल?"

संघमित्रानं त्यांच्या झाकलेल्या डोळ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "बाबा, किती दिवस झाले?"

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "काका, उजेड नीटच आत येतोय. मागे पाणी साठून पडदाच फुगलाय. त्याला चष्मा काय करणार? इंजेक्शनं देऊ, उरलंय ते टिकेल असं बघू. मार्चातच यायला हवं होतं."

घरी आल्यावर भाऊरावांनी साती चष्मे पुसले, एकेक लावून पाहिला, आणि ओळीनं ठेवून दिले.

"कमल, गज सरळ आहे ना?"

"सरळ आहे."

"मधलापण?"

कमलताईंना एरवी अशा वेळी काहीतरी सुचतंच. "मधलापण," एवढंच त्या म्हणाल्या.

भाऊराव उजवा डोळा झाकून तसेच बघत बसले.